माइनक्राफ्ट सर्व्हरवर जिवंत पात्रांचा प्रसंग करायचाय: किल्ल्याचा वेढा, तीसेक खेळाडू

देवगिरी_ब्लॉक्स (परभणी)

नमस्कार मंडळी. आमचा माइनक्राफ्टचा सर्व्हर पेपर या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर चालतो. जावावाले (कॉम्प्युटरवरची आवृत्ती) आणि गीझर या प्लगइनमधून येणारे मोबाइलवाले मिळून रविवारी रात्री तीसेक जण असतात, बहुतेक परभणी, लातूर, संभाजीनगरची कॉलेजची पोरं. देवगिरीचा किल्ला बांधून झाला: खंदक, अंधारी, बारादरी, चांद मिनार, मेंढा तोफ, सगळं.

आता त्यात १२९६ चा वेढा खेळवायचाय. सुलतान अल्लाउद्दीन खाली तळ ठोकून बसलेला, शंकरदेव फौज घेऊन बाहेर गेलेला, आणि घाईघाईत किल्ल्यात चढवलेल्या धान्याच्या गोण्यांत मीठ निघतं, ही सांगतात ती गोष्ट. एनपीसी (गेमनेच चालवलेली पात्रं) नकोत, तेच ते वाक्य किती वेळा ऐकायचं? विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातली चार मुलं-मुली पात्रं करायला तयार आहेत. एकांकिकेची सवय आहे, गेमची नाही.

चार जण पुरतील का? संवाद पाठ करून घ्यायचे की नुसती गोष्ट सांगून सोडायचं? आमच्या पोरांचा हात लई सैल, समोर कुणी दिसलं की मारायलेत. प्रधानच पहिल्या पाच मिनिटांत मेला तर पुढं काय? आणि बोलणं आवाजात ठेवावं की चॅटमध्ये?

पडद्यामागून (लातूर)

चार पुरतात, पण चौघांना एकाच चौकात उभं केलं तर नाही पुरत. एका पात्राभोवती सहा-आठ खेळाडू नीट खेळतात. त्याच्या वर गर्दी गेली की मागचे उड्या मारत बसतात, मग आपसात तलवारी. म्हणून मोठं पात्र, तुमचा प्रधान, सगळ्यांत कमी वेळ दाखवा: सदरेवर येईल, दोन आज्ञा देईल, जाईल. बाकी तिघं तीन जागी: कोठारावर कोठारी, दरवाजावर नाईक, पायथ्याच्या पेठेतून पळून आलेली एक बाई. महत्त्वाची बातमी किमान दोघांच्या तोंडून निघेल अशी सोय ठेवा. या चौघांशिवाय दोन माणसं लागतातच. एक सूत्रधार, तो फक्त बघतो आणि पात्रांना कानात सांगतो, आणि एक कमांड टाकणारा. ही दोन्ही कामं एकाच्या गळ्यात मारू नका.

संवाद पाठ नको. वगात सरदार आणि सोंगाड्याला कथानक पाठ असतं, वाक्यं नसतात; इथं तेच चालतं. एकांकिकेच्या मुलांना उलट हीच अडचण येते. समोरच्याने मधेच 'काका, घोडा विकता का?' विचारलं की त्यांचं वाक्य अडतं. प्रत्येकाला अर्ध्या पानाचा कागद द्या. त्याला माहीत असलेल्या तीन गोष्टी, त्याला काय हवंय, तो कुठली एक गोष्ट खोटी सांगतो, आणि प्रसंगातून बाहेर कसा पडतो. शेवटची ओळ लोक विसरतात आणि मग पात्र वीस मिनिटं तिथंच घुटमळतं. कागदावर एका ओळीखाली रेघ मारा: ही बातमी बाहेर पडलीच पाहिजे. पाच मिनिटांत कुणी विचारलं नाही तर पात्राने आपण होऊन सांगायची.

शेवट आधी ठरवा. ॲशरन्स कॉल (१९९९) या ऑनलाइन गेममध्ये कथा पुढं सरकायला खेळाडूंनी एक स्फटिक फोडणं गरजेचं होतं. थिसलडाउन नावाच्या सर्व्हरवरचे लोक फोडायच्या ऐवजी त्याची राखण करू लागले, पहारे लावले. शेवटी कंपनीच्या लोकांना स्वतः पात्रं घेऊन उतरावं लागलं, आणि नंतर त्या राखणदारांचं स्मारक गेममध्येच उभं केलं. तुमच्याकडे शेवट पक्काच आहे: तह होणार, खंडणी जाणार. मग 'किल्ला वाचवा' हे काम खेळाडूंना देऊच नका. शंकरदेवाकडे निरोप पोचतो का, उरलेलं धान्य कुणाला मिळतं, फितूर सापडतो का, हे त्यांच्या हातात द्या आणि त्याचा परिणाम पुढच्या रविवारी दिसू द्या.

नटांना गेमची सवय म्हणजे दोन तासांचं काम आहे. ज्याच्याशी बोलतो त्याच्या तोंडाकडे क्रॉसहेअर ठेवायचा, कारण नजर म्हणजे तेवढीच. धावायचं नाही, उड्या तर अजिबात नाहीत. मुजरा म्हणजे एकदा वाकणं, सतत वर-खाली नव्हे. हातात कायम एक वस्तू: कोठाऱ्याकडे पुस्तक, नाइकाकडे मशाल. एफ५ दाबून आपण बाहेरून कसे दिसतो हे प्रत्येकाने एकदा बघावं.

रेडस्टोनराव (नांदेड)

मारामारीचं उत्तर देतो.

ही भीती जुनी आहे. अल्टिमा ऑनलाइन या गेमच्या बीटात (चाचणी आवृत्तीत), ऑगस्ट १९९७ मध्ये, खुद्द निर्मात्याचं राजाचं पात्र जाहीर सभेत एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकून मारलं. सर्व्हर बंद पडून परत चालू झाला होता आणि अमरत्वाची खूण पुन्हा लावायची राहून गेली. तेव्हा नियम एक: प्रसंगाच्या दहा मिनिटं आधी, आणि प्रत्येक रीस्टार्टनंतर, कमांडवाल्याने चारही पात्रांना स्वतः तलवार मारून बघायची.

नटांना क्रिएटिव्ह मोडमध्ये ठेवू नका. झॉम्बी त्यांच्याकडे बघतच नाही, आणि नवख्याचा एक चुकीचा क्लिक गेला की भिंतीचा ब्लॉक गायब. सर्व्हायव्हल ठेवा आणि रेझिस्टन्सचा (मार कमी करणारा) इफेक्ट द्या. कमांडमध्ये पातळी शून्यापासून मोजतात, म्हणून पाचव्या पातळीसाठी ४ लिहायचं. तेवढ्यावर मार पूर्ण बंद होतो. मुदतीच्या जागी 'इन्फिनिट' चालतं, १.१९.४ पासून. फट दोन ठिकाणी राहते. दूध प्यायलं की सगळे इफेक्ट उडतात, आणि 'घ्या प्रधानजी, दूध' म्हणणारा कुणीतरी निघतोच. दुसरं, जीव जात नाही पण धक्का बसतो. पोरं प्रधानाला ढकलत ढकलत खंदकात नेतील. त्यासाठी नॉकबॅक रेझिस्टन्सचं ॲट्रिब्यूट १ करा.

पण चौघंही अमर नकोत. नाइकाला मरू द्या. त्याच्यासाठी दुसरा नाईक तयार ठेवा, वेगळ्या नावाचा, वेगळ्या स्किनचा, आणि त्याला आधीच्याचा खून झालाय हे माहीत असू द्या. मारल्याची किंमत दिसली की हात आपोआप आखडतो. सरसकट अमर पात्रं म्हणजे बोलणारे खांब.

नटांना ओपी (सर्व्हरचे सगळे अधिकार) देऊ नका. लकपर्म्स या परवानग्यांच्या प्लगइनमध्ये 'पात्र' गट करा आणि तीन तासांच्या मुदतीने द्या, मुदत संपली की आपोआप निघतो. कोअरप्रोटेक्ट (कुणी काय तोडलं-बांधलं याची नोंद ठेवणारं प्लगइन) चालू ठेवा. दरवाजा कुणी फोडला तर नाव, वेळ आणि त्रिज्या टाकून तेवढंच मागं नेता येतं.

सगळ्यांत जास्त रसभंग करतात त्या चॅटमधल्या आपोआप येणाऱ्या ओळी. प्रधानाने आयुष्यात पहिल्यांदा फोडलेला दगड (कॉबलस्टोन) उचलला की सगळ्या सर्व्हरला त्याची 'कामगिरी' जाहीर होते. अ‍ॅडव्हान्समेंटची घोषणा आणि मृत्यूचे संदेश गेमरूलने बंद होतात, आल्या-गेल्याची पिवळी ओळ घालवायला प्लगइन लागतं. सूत्रधाराला नुसतं स्पेक्टेटर (फक्त बघणारा) करून भागत नाही. टॅबच्या यादीत त्याचं नाव तिरकं आणि फिकट दिसतं, पोरांना लगेच कळतं की वर कुणीतरी आहे. पूर्ण अदृश्य करणारं व्हॅनिश प्लगइन वापरा.

पडद्यावर मोठं शीर्षक टाकणार असाल तर ते मुळात ७० टिक, म्हणजे साडेतीन सेकंदच टिकतं. १४० करा. आणि देवनागरी टाकू नका. जावात जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, 'किल्ला' वाचवत नाही. चॅट आणि शीर्षक रोमन लिपीत. खलिता मात्र देवनागरीतच हवा असेल तर त्याचं चित्र करून नकाशावर चढवा. एक नकाशा १२८ बाय १२८ पिक्सेलचा, मोठ्या अक्षरात चार-पाच ओळी बसतात.

तीस जण एका चौकात आले की सर्व्हर सेकंदाला २० टिकवरून खाली येतो. व्ह्यू डिस्टन्स (किती लांबपर्यंतचा नकाशा दिसतो ते) १० असेल तर त्या रात्रीपुरता ६ करा.

इतिहास_कट्टा (छत्रपती संभाजीनगर)

बांधकामावरून थोडं. बारादरी शहाजहानच्या काळातली, चांद मिनार पंधराव्या शतकातला, मेंढा तोफ तर औरंगजेबाच्या वेळची. १२९६ मध्ये यातलं काहीच नाही. नट कितीही चांगला असला तरी मागं मिनार दिसतोय म्हटल्यावर संपलंच. किल्ल्याची वेगळी प्रत करून तेवढं उतरवा, मूळ बांधकामाला हात लावू नका. आणि अल्लाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता. तो कड्याचा सुभेदार, जलालुद्दीन खलजीचा पुतण्या. गादीवर तो या स्वारीनंतर बसला. पेठेतून पळून आलेली बाई 'सुलतान आला' म्हणाली तर चूक.

दुसरं जास्त महत्त्वाचं. रामदेवराय किंवा अल्लाउद्दीन, कुणालाच पात्र म्हणून उभं करू नका. समोरच्याने काय बोलावं हे तुमच्या हातात नाही. धर्मावरून एक वाक्य गेलं, कुणी क्लिप काढून ग्रुपवर टाकली, की गेम राहतो बाजूला. राजा महालात आहे, फौज खाली आहे, एवढंच. समोर येणारी सगळी माणसं कल्पित आणि खालच्या हुद्द्याची: कोठारी, नाईक, पाणक्या. गोष्टही त्यांचीच जास्त चांगली होते.

देवगिरी_ब्लॉक्स (परभणी)

मिनार काढायला जीवावर येतंय, पण पटलं. प्रधानही कल्पितच ठेवतो. आवाजाचं राहिलं: आमचे दहा-बाराजण मोबाइलवर आहेत. आणि गोण्या कशा दाखवाव्यात?

गेवराई_गेमर

मोबाइलवाल्यांना सिंपल व्हॉइस चॅट मिळणार नाही, तो जावाच्या क्लायंटवर टाकायचा मॉड आहे. त्यांना डिस्कॉर्डवर घेतलं तर कोठारातली कुजबूज दरवाजावरच्यालाही ऐकू जाते, म्हणजे फितुराचा खेळच गेला. जमतं ते असं: पात्र आवाजात बोलतं, आणि रेघ मारलेली बातमी आली की कमांडवाला तीच टेलरॉ कमांडने चॅटमध्ये टाकतो, सिलेक्टरमध्ये (कुणाला दाखवायचं ते) अंतर ३० ब्लॉकपर्यंत देऊन, म्हणजे जवळ उभ्या असलेल्यांनाच दिसते. ही वाक्यं आधीच लिहून कमांड ब्लॉकमध्ये भरून ठेवा, ऐनवेळी टाइप करू नका.

मॉडचं मुळातलं अंतर ४८ ब्लॉक आहे आणि आवाज भिंतीतून जातो. किल्ल्यात ते फार झालं, २४ वर आणा. यूडीपी २४४५४ पोर्ट होस्टिंगवाल्याकडून उघडून घ्या, नाहीतर गेममध्ये सगळे असतात पण आवाज जोडलाच जात नाही. गीझरचा १९१३२ वेगळा. घरच्या फायबरवर सर्व्हर असेल तर बहुतेक वेळा पोर्ट उघडतच नाही, कारण स्वतंत्र आयपी मिळत नाही. एवढ्या एका रात्रीसाठी मुंबईतलं भाड्याचं होस्टिंग परवडतं. लाइट जायचा धोकाही अर्धा कमी होतो, मग फक्त नटांच्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणि फोनचं हॉटस्पॉट तयार पाहिजे.

सदरेच्या प्रसंगात खेळाडूंचे माइक बंद ठेवा. लकपर्म्समधून बोलण्याची परवानगी काढता येते, ऐकण्याची राहते. द अंडर प्रेझेंट्स या २०१९ च्या व्हीआर गेममध्ये जिवंत नट असायचे आणि खेळाडूंना आवाजच नव्हता, चुटकी वाजवून खुणा करायच्या. शिव्यांचा प्रश्नच मिटला. कोठारावर मात्र माइक उघडे हवेत, तिथं भांडण झालं पाहिजे.

एक नियम कागदावर घ्या. पात्राने कुणालाही खासगी संदेश करायचा नाही, तुमच्याकडे अल्पवयीन पोरं असणार. खेळाबाहेरचं बोलायचं असेल तर दुहेरी कंसात, आणि दुहेरी कंसात 'थांबा' आलं की सगळ्यांनी थांबायचं, नटाने पण.

पडद्यामागून (लातूर)

गोण्यांसाठी पिंप, म्हणजे बॅरल. २७ कप्पे, तीन रांगा. वरच्या रांगेत गहू, खालच्या दोन रांगांत साखर, ऐरणीवर तिचं नाव 'मीठ' करून, रोमन लिपीत. उघडल्या उघडल्या खालचं दिसेल, म्हणून पहिली दोन-तीन पिंपं नुसत्या गव्हाची ठेवा. कोठारी तीच आधी उघडून देईल. गहू हात आखडून: नऊ कप्पे ६४ ने भरले तर ५७६ गहू होतात, तीनाला एक पाव म्हणजे १९२ पाव, तीस जणांना भूकच लागणार नाही. प्रत्येक पिंपात एकच ६४ चा ढीग टाका, २१ पाव. भूक लवकर लागावी म्हणून कमांडवाला हंगरचा इफेक्ट देऊ शकतो, पण हलकाच.

कुणी आदल्या दिवशी कोठार उघडून बघणार हे धरून चाला. खरी पिंपं नकाशाच्या दुसऱ्या टोकाला भरून ठेवा आणि प्रसंग सुरू व्हायच्या जरा आधी क्लोन कमांडने कोठारात आणा, आतला माल तसाच येतो. क्लोनची मर्यादा ३२,७६८ ब्लॉकची आहे, कोठार त्यात आरामात बसतं. मात्र दोन्ही जागांचे चंक (नकाशाचे तुकडे) लोड असले पाहिजेत, नाहीतर कमांड नुसतीच चूक दाखवते; लांबच्या जागेला फोर्सलोड कमांड लावा.

मीठ सापडल्यावर कोठाऱ्याने पहिली दोन मिनिटं काही बोलू नये. पोरं आधी त्याच्यावर, मग एकमेकांवर संशय घेतील, ते होऊ द्या. कुणी त्याला थेट विचारलं, 'गोण्या कुणाकडून घेतल्या?' तरच त्याने ती कागदावरची खोटी गोष्ट सांगायची.