भाऊ, बहीण, काका, मावशी परदेशात आहेत, आपल्याला त्यांच्याजवळ जायचं तर व्हिसा कुठला? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी, घरातलं कुणीतरी परदेशात स्थिरावलंय आणि आपणही त्यांच्याजवळ जाऊन राहावं असं वाटतंय, अशांसाठी हा धागा काढतोय. नवरा-बायको आणि लहान मुलं यांचं बहुतेक देशांत सरळ असतं, त्यावर भरपूर लिहून झालंय. इथे भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, मावशी, चुलत-मावस भावंडं यांच्याबद्दल बोलूया. दोन गोष्टी नक्की लिहा, त्या देशाच्या कायद्यानं तुमचं कुठलं नातं धरलं आणि ते कागदावर कसं दाखवलंत. "आपलं माणूस आहे ना तिकडे, मग होईल" म्हणत लोक वर्षानुवर्षं थांबतात आणि स्वतःच्या शिक्षणावर, कामावर काय होऊ शकतं ते बघतच नाहीत, हे मला फार लागतं म्हणून विचारतोय.

माझ्यापासून सुरुवात करतो. बहीण न्यू जर्सीत, सिटिझन झाल्यावर तिनं 2012 साली माझ्यासाठी आय-130, म्हणजे नातेवाईकाला कायमचं आणण्याचा अर्ज भरला. भावंडांची ती एफ-4 कॅटेगरी. वर्षाला सगळ्या जगासाठी मिळून 65,000 व्हिसे आणि त्यात एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारताची रांग वेगळीच आहे. रांग कुठवर आली हे सांगणारं अमेरिकन सरकारचं व्हिसा बुलेटिन उघडून बघा, 2025 मध्येही भारताच्या एफ-4 ची तारीख 2006 सालातच होती, म्हणजे तोवर भरलेल्या अर्जांचाच नंबर आला होता. म्हणजे माझा नंबर लागेपर्यंत मुलं 21 च्या पुढे गेलेली असणार आणि 21 झालं की ती माझ्या अर्जातून बाहेर. अर्ज मंजूर व्हायला जितका वेळ लागला तेवढा वयातून वजा होतो, पण रांगेतला वेळ होत नाही, हे नीट समजून घ्या. आणि हो, भावंडांसाठी अर्ज फक्त सिटिझनला करता येतो, ग्रीन कार्डवाल्याला नाही.

बरेच जण विचारतात की एफ-4 चालू असताना फिरायला जायचा व्हिसा मिळतो का. डीएस-160 या व्हिसाच्या फॉर्ममध्ये थेट प्रश्न असतो, तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन भरलंय का. मी "हो" लिहिलं, मुलाखतीत विचारलं तेव्हा सांगितलं की नोकरी इथे आहे, आईवडील माझ्याकडे असतात, भाचीच्या ग्रॅज्युएशनला जाऊन परत यायचंय. व्हिसा मिळाला. लपवू मात्र नका, ते रेकॉर्डवर असतंच आणि पुढे खऱ्या अर्जाच्या वेळी अंगाशी येतं.

कोल्हापूरहून विनिपेगला

आमच्याकडे चुलत दीर विनिपेगला, सख्खं कुणीच नाही. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडाच्या पॉइंटवर चालणाऱ्या पद्धतीत, सख्खा भाऊ किंवा बहीण कॅनडात पीआर (कायमचा रहिवासी) नाहीतर सिटिझन असेल तर 15 पॉइंट मिळतात, नवऱ्याचा किंवा बायकोचा भाऊ असला तरी चालतो, पण चुलत चालत नाही. विनिपेग ज्या मॅनिटोबा प्रांतात आहे, त्याच्या नॉमिनी प्रोग्रॅममध्ये (प्रांत स्वतः उमेदवार निवडतो ती योजना) मात्र सख्ख्या चुलत-मावस भावंडांनाही जवळचं नातेवाईक धरतात. तो माणूस तिथे किमान वर्षभर राहत असला पाहिजे आणि तुमच्या सेटलमेंट प्लॅनवर त्यानंही लिहून द्यावं लागतं की मी यांना मदत करीन. भावजींनी ते फार मनापासून लिहिलं, आम्ही सुरुवातीला कुठे राहू, मुलीची शाळा कुठली, बस कुठली.

खरी दमछाक झाली ती चुलत नातं सिद्ध करताना. म्हणजे बघा, माझ्या नवऱ्याचे वडील आणि भावजींचे वडील हे सख्खे भाऊ आहेत हे दाखवायचं, आणि दोघांचाही जन्म खेड्यातला, जन्मदाखला कुणाचाच नाही. मग शाळा सोडल्याचे दाखले काढले. तिथे सासऱ्यांच्या दाखल्यावर आजेसासऱ्यांचं नाव दत्तात्रय, मोठ्या सासऱ्यांच्या दाखल्यावर नुसतं दत्तू आणि आडनावाच्या जागी पाटील, कारण तेव्हा गावची पाटीलकी घरात होती आणि मास्तरांनी तेच लिहिलं. शेवटी कामाला आला सातबारा. आजेसासरे गेल्यावर वारस म्हणून दोन्ही भावांची नावं लागली होती, तो जुना फेरफार तलाठी ऑफिसातून काढला, इंग्रजी भाषांतर करून घेतलं, जोडीला दोन्ही दाखले आणि नावातल्या फरकाबद्दल प्रतिज्ञापत्र. आपल्याकडे मधलं नाव वडलांचं असतं ना, ते एका वेगळ्या पत्रात समजावून सांगितलं की ही साखळी अशी वाचायची. ज्यांच्या घरी शेतजमीन आहे त्यांनी फेरफार नक्की शोधा, त्यात तीन पिढ्या एका कागदावर सापडतात.

बायकांना आणखी एक काम, माहेरचं नाव आणि सासरचं नाव. माझी डिग्री माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. मॅरेज सर्टिफिकेट तर लागतंच, शिवाय मी राजपत्रात नाव बदलून घेतलं होतं, त्यामुळे डब्ल्यूईएस या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थेला डिग्री पाठवताना अडचण आली नाही. राजपत्रातला नावबदल आता ऑनलाइन होतो, आधीच करून ठेवा.

2025 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारनं प्रांतांचा नॉमिनेशनचा कोटा निम्म्यावर आणला होता, त्यामुळे आमच्या वेळची सहजता धरून चालू नका. पण नॉमिनेशन एक्सप्रेस एंट्रीशी जोडलेलं असेल तर 600 पॉइंट मिळतात, मग काम झाल्यातच जमा.

चिपळूण, सध्या शारजा

गल्फचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मामा शारजात बरीच वर्षं आहेत. यूएईत राहणारा माणूस बायको, मुलं, आईवडील यांचा रेसिडेन्स काढू शकतो, भाच्याचा नाही. मामा फार तर व्हिजिट व्हिसावर बोलावू शकतात. आमच्याकडे पोरं तशी येतात आणि रूमवर राहून काम शोधतात, शोधायला हरकत नाही पण व्हिजिटवर काम करणं बेकायदेशीर आहे, वर्क परमिट कंपनीनंच काढायला हवं. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, सर्टिफिकेट आधीच अटेस्ट करून आणलं होतं म्हणून कंपनीनं ऑफर दिल्यावर वेळ गेला नाही.

दहावी झालेली नसेल तर पासपोर्ट सहसा ईसीआर (परदेशी कामाला जायला सरकारी परवानगी लागणारा) असतो, आणि गल्फमध्ये कामाला यायचं तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो क्लिअरन्स लागतो. माझा चुलतभाऊ आठवी. त्याला एक एजंट सांगत होता, व्हिजिटवर जा, क्लिअरन्सची भानगड नको. आम्ही ऐकलं नाही. क्लिअरन्स घेऊन गेलं की करार सरकारकडे नोंदलेला असतो, प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा विमा होतो, हप्ता दोन वर्षांना फक्त 275 रुपये. पगार अडकला तर दाद मागायला कागद हातात असतो. आणि नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये अधिक जीएसटी याच्यावर घेता येत नाहीत, दीड-दोन लाख मागितले की तिथूनच परत फिरा. गावातल्या आयांनी दागिने गहाण टाकलेले बघितलेत म्हणून कळकळीनं सांगतोय.

डिचोली, गोंय

आमच्या भागात हा विषय घराघरांत आहे. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाची जन्मनोंद लिस्बनला करता येते आणि मग त्याच्या मुलांना, नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा रस्ता मिळतो. आधी आजोबांची नोंद, त्यांचं लग्न, मग वडलांची, मग आपली, अशा क्रमानं. माझे मावसभाऊ असेच पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेले, तेव्हा यूके युरोपियन युनियनमध्ये होतं. मला घरचे म्हणाले तूही कर आणि त्यांच्याकडे जा. पण 2020 संपल्यापासून ते बंद आहे, पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी यूकेत कामाला व्हिसा लागतो, आणि तिथल्या सेटल्ड लोकांना नवरा-बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील असेच आणता येतात, मावसभाऊ नाही. पोर्तुगाल, जर्मनी, आयर्लंड हे अजून खुले आहेत.

विचार करा तो नागरिकत्वाचा. भारतीय नागरिकत्व जातं, दोन ठेवता येत नाहीत. 2024 मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं पासपोर्ट रद्द झाल्याचा कागद ओसीआयसाठी (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) मान्य करायचं ठरवल्यावर बऱ्याच गोंयकारांना दिलासा मिळाला. माझी कुळागराची जमीन इथे आहे, आई इथे आहे, मी गेलो नाही.

ठाण्याहून अश्दोदला

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, घरात अजून मराठीच बोलतो. आत्याचं कुटुंब इस्रायलमध्ये अश्दोदला, पण आत्या आहे म्हणून व्हिसा मिळत नाही, तो आपल्या स्वतःच्या वंशावर मिळतो. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहू देणारा परतीचा कायदा 1950 चा, 1970 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असेल तरी नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदाराला जाता येतं. अर्ज ज्यूइश एजन्सीकडून. सिनेगॉगचं पत्र, आईवडलांचा केतुबा (ज्यू लग्नाचा करार), जन्मदाखले आणि पोलीस क्लिअरन्स अपोस्टील (परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून.

आमच्या लोकांची अडचण नावांची. माझ्या आजीचं शाळेतलं नाव मराठी, केतुबात हिब्रू, रेशनकार्डावर तिसरंच, आणि आडनाव गावावरून पडलेलं "-कर". सिनेगॉगच्या जुन्या वहीत तिच्या लग्नाची नोंद होती, हिब्रू नावासमोर कंसात मराठी नाव, तेवढ्या ओळीवर सगळं जुळलं. वही जीर्ण झालीय, ज्यांना कधीतरी जायचंय त्यांनी आपल्या नोंदीचे फोटो आत्ताच काढून ठेवा. आत्याचा उपयोग झाला तो नंतर, उल्पानमध्ये (हिब्रूच्या वर्गात) हिब्रू शिकेपर्यंत तिनं मुलाला सांभाळलं, घर मिळवून दिलं. पहिल्या मलिद्याला (आमचा आभाराचा विधी) पोहे आणि नारळ तिनंच आणले.

नाशिकहून ॲडलेडला

सिव्हिल इंजिनिअर आहे, आत्या ॲडलेडला. ऑस्ट्रेलियाच्या 491 व्हिसात नातेवाईक स्पॉन्सर करू शकतो आणि इथे नात्यांची यादी चांगली मोठी आहे, आत्या, काका, मामा, मावशी, भाचा, सख्खं चुलत भावंडही. अट एवढीच की तो नातेवाईक रिजनल भागात राहत असला पाहिजे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून जवळजवळ सगळं रिजनल धरतात, ॲडलेड आणि पर्थसुद्धा. स्पॉन्सरशिपचे 15 पॉइंट, किमान 65 लागतात, पण 65 वर आमंत्रण येईल अशा भ्रमात राहू नका. वय 45 च्या आत, आधी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून डिग्रीचं मूल्यमापन, पीटीई ही इंग्रजीची परीक्षा. व्हिसा पाच वर्षांचा, तीन वर्षं रिजनलमध्ये राहून काम केलं आणि बाकी अटी पुऱ्या झाल्या की 191 व्हिसाखाली पीआर. मित्र मेलबर्नला बोलावतात पण तोवर इथेच राहायचं.

पुण्याहून श्टुटगार्टला

थोडक्यात लिहिते. चान्सनकार्टे म्हणजे जर्मनीत जाऊन नोकरी शोधायचं कार्ड, जून 2024 पासून आहे. पॉइंट शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे, नातेवाईकांचे काही नाहीत. पण चुलतभावानं तिथल्या ऑफिसात हमीपत्र लिहून दिलं त्यामुळे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये महिन्याला हजार-अकराशे युरोच्या हिशोबानं वर्षाचे पैसे अडकवावे लागले नाहीत, मध्यमवर्गीय घराला हे खूप आहे. कार्ड एक वर्षाचं, नोकरी शोधताना आठवड्याला 20 तास पार्टटाइम करता येतं. मॅक्समुलर भवनात बी-1 पर्यंत करूनच जा, ए-1 वर व्हिसा मिळेल, नोकरी अवघड.

साताऱ्याची, सध्या बॉस्टन

माझं उलटं आहे, मला काकूला आणायचंय. आई मी लहान असताना गेली, काका-काकूंनी वाढवलं, त्यांना मूल नाही. आता काका गेले, काकू साताऱ्यात एकटी, बीपी आणि गुडघे. मी सिटिझन आहे, आईवडलांसाठी रांग नसते, पण काकू म्हणजे अमेरिकेच्या कायद्यात कुणीच नाही. दत्तक मोजायचं तर ते मूल 16 वर्षांचं व्हायच्या आधी कायदेशीर झालेलं हवं, आणि आमच्याकडे त्या वेळी कुणाच्या डोक्यातही दत्तकपत्र करायचं आलं नाही, घरचंच लेकरू होतं, कागद कशाला. शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून काकांची सही आहे, पण वकिलानं स्पष्ट सांगितलं की त्यानं भागणार नाही.

सध्या ती व्हिजिटर व्हिसावर येते, साधारण सहा महिने राहायला मिळतात, मग परत. इन्शुरन्स घेते पण जुन्या आजारांना तो फारसा धरत नाही, म्हणून तपासण्या साताऱ्यातच करून औषधं बरोबर आणते. थंडीत ती तिकडे, उन्हाळ्यात माझ्याकडे. वय वाढेल तसं हे किती चालेल सांगता येत नाही, म्हणून मी भारतात परत यायचाही विचार करतेय, ऑफिसशी बोलणं चालू आहे. लहानपणी गुरुजींसमोर नुसता विधी झाला आणि कागद नाही, अशा दत्तकाची नोंद कोर्टातून नंतर करून घेतलेलं आणि ते अमेरिकेच्या अर्जात चाललेलं कुणाला माहीत आहे का? इथेच लिहा, मी रोज बघतेय.