पियर लर्निंग असिस्टंट म्हणून निवड झालीय, पण टेबलापाशी जाऊन नेमकं करायचं काय?

निळीशाई:
नमस्कार मंडळी. पुढच्या सेमिस्टरला पहिल्या वर्षाच्या फिजिक्ससाठी पियर लर्निंग असिस्टंट म्हणून माझी निवड झालीय. हाच कोर्स मी मागच्या वर्षी केलाय, विषय मनापासून आवडतो म्हणून अर्ज केला होता. कामाचं स्वरूप असं की मॅडम थोडा वेळ शिकवणार, मग वर्कशीट, पोरं चार-चारच्या गटात बसणार आणि आम्ही असिस्टंट गटागटांत फिरणार. आठवड्यातून एकदा मॅडमसोबत तयारीची मीटिंग असते आणि शिकवण्याबद्दलचा एक छोटा कोर्सही आम्हाला करायचाय.

ओरिएंटेशनला सांगितलं की उत्तर द्यायचं नाही, विचार करायला लावायचं. पटलं. पण समोरचा म्हणतोय "एवढं बरोबर आहे का तेवढं फक्त सांग ना" तर त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं आणि नाही म्हटल्यावर पुढे बोलायचं काय? आणि एखादा गट नुसता गप्प बसला असेल तर? शिवाय वर्गात माझ्याच ओळखीची दोन-तीन जणं आहेत. आणि मलाच एखादी गोष्ट आली नाही तर पोरं म्हणतील हिला कशाला ठेवलंय. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, थिअरी नको, टेबलापाशी उभं राहून काय बोलायचं ते सांगा.

तिसरा_बाक:
अभिनंदन! मी हे काम केलंय आणि मला विचारशील तर कॉलेजात यापेक्षा जास्त शिकवणारं दुसरं काही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, तुझं काम समजावून सांगणं हे नाहीच, ते मॅडम करतातच. तुझं काम समोरच्याच्या डोक्यात आत्ता काय चाललंय ते ऐकून घेणं. "बरोबर आहे का" असं कुणी विचारलं की नाही म्हणू नकोस आणि हो पण म्हणू नकोस, सरळ म्हण "इथपर्यंत कसा आलास ते सांग बरं". उत्तर बरोबर असेल तरी हेच विचार आणि चूक असेल तरी हेच विचार, हे फार महत्त्वाचं आहे कारण तू फक्त चुकल्यावरच "कसा आलास" विचारायला लागलीस ना तर दोन सेशनमध्ये पोरांना कळतं की हिने प्रश्न विचारला म्हणजे आपलं चुकलं, आणि मग ते विचार न करता नुसतं खोडायला लागतात.

एक उदाहरण सांगतो, तुझ्या कोर्समध्ये हे येणारच. चेंडू सरळ वर फेकलाय, सगळ्यात वरच्या बिंदूला त्याचं ॲक्सिलरेशन, म्हणजे व्हेलॉसिटी (दिशेसकट वेग) बदलण्याचा दर, किती? गटातले चारही जण लिहितात शून्य, कारण "तिथे तो थांबतो ना". आता तू "अरे नाही, ग्रॅव्हिटी आहे की, ९.८ खाली" असं म्हटलंस तर ते लिहून घेतील आणि परीक्षेत परत शून्य लिहितील. त्याऐवजी विचार की वर पोचायच्या अगदी किंचित आधी व्हेलॉसिटी कुठल्या दिशेला होती. वर. आणि किंचित नंतर? खाली. मग मधल्या वेळात व्हेलॉसिटी बदलली की तशीच राहिली? इथे गटात कुणीतरी हमखास "अरे थांब थांब" म्हणतं. नाहीच कुणी म्हटलं तर अजून एक विचार, तिथे व्हेलॉसिटी पण शून्य आणि ॲक्सिलरेशन पण शून्य राहिलं तर चेंडू पुढे काय करेल? तो तिथेच लटकून राहील हे त्यांचं त्यांनाच दिसतं. मग तू काही बोलायचं नाही. त्यांना एकमेकांशी भांडू दे आणि तू दुसऱ्या टेबलाकडे जा, पाच मिनिटांनी परत येऊन विचार काय ठरलं म्हणून.

आणि प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला शीक. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात, तोच वेळ तीन सेकंद किंवा जास्त केला की मुलांची उत्तरं लांब होतात आणि "माहीत नाही" म्हणणारे कमी होतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत पण टेबलापाशी उभं राहून बघ, जीव कासावीस होतो. मनातल्या मनात मोजत राहा.

अजून एक, कुणाचंही पेन हातात घ्यायचं नाही. पेन घेतलं की तू सोडवतेस आणि ते बघत बसतात.

ओलीमाती:
वरच्या दादाचं बरंचसं पटलं पण एक भर घालते, कारण मी असिस्टंट नव्हते तर असिस्टंट असलेल्या वर्गात शिकलेय. दर वेळी प्रश्नाला उलट प्रश्न आला ना की डोकं फिरतं. मी विचारलं की या फॉर्म्युलातलं हे चिन्ह कशासाठी आहे आणि समोरून "तुला काय वाटतं?" असं आलं तर मला काय वाटणार, ते चिन्ह काय आहे हे कुणीतरी ठरवून ठेवलंय, मी विचार करून ते कसं शोधू? जे नुसतं ठरवलेलं आहे ते, म्हणजे चिन्हं, युनिट, ग्राफवर कुठला अक्ष कुठला, सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण, वर्कशीटमधल्या एखाद्या शब्दाचा अर्थ, हे पटकन सांगून मोकळं व्हावं. विचाराने जे सापडू शकतं तेवढ्यासाठीच प्रश्न राखून ठेवावेत. आमच्या वर्गातली जी असिस्टंट सगळ्यांना आवडायची ती हेच करायची, पहिल्या मिनिटात अडगळ बाजूला करायची आणि मग खरा प्रश्न विचारायची.

तिसरा_बाक:
@ओलीमाती शंभर टक्के मान्य. हा फरक कळायला हवाच.

जुनीवही:
मी शिकवते आणि आमच्या विभागात असिस्टंट निवडण्याचं आणि त्यांच्यासोबत बसण्याचं काम बरीच वर्षं करतेय, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

निळीशाई, तुमच्या प्रश्नात एक भीती दिसतेय की मला नाही आलं तर काय. तुम्हाला सगळं येतं म्हणून तुमची निवड झालेली नसते. आम्हा शिक्षकांना एखादी गोष्ट इतकी वर्षं येत असते की ती न येणं म्हणजे काय हे आम्हाला आठवतच नाही, मधल्या पायऱ्या आमच्या नकळत गाळल्या जातात. तुम्ही त्या पायऱ्या मागच्याच वर्षी चढलायत. तुम्ही वर्गात आहात त्या यासाठीच.

या पद्धतींमागचा विचारही माहीत असू द्या. १९७३ मध्ये अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेत डिॲना मार्टिन यांनी सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन, म्हणजे तो कोर्स आधी केलेल्या विद्यार्थ्यांनी घेतलेली जादा अभ्यासाची सत्रं, सुरू केलं. त्यात एक फार शहाणपणाचा निर्णय होता, "कच्चे विद्यार्थी" अशी यादी करायचीच नाही, त्याऐवजी ज्या कोर्समध्ये वर्षानुवर्षं भरपूर जण नापास होतात किंवा मधेच सोडून जातात तो कोर्सच अवघड म्हणून निवडायचा आणि त्याची सत्रं सगळ्यांसाठी खुली ठेवायची. त्यामुळे तिथे जाण्यात कुणाला कमीपणा राहिला नाही. हेच पुढे काही देशांत पीअर असिस्टेड स्टडी सेशन्स या नावाने गेलं. तुमचं जे वर्णन आहे, म्हणजे वर्गातच फिरायचं, दर आठवड्याला प्राध्यापकांबरोबर तयारी आणि जोडीला शिकवण्याचा कोर्स, हे तीन पायांचं लर्निंग असिस्टंट मॉडेल कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला उभं राहिलं आणि तिथून बऱ्याच ठिकाणी पसरलं. तिथे त्यामागे अजून एक हेतू होता, विज्ञानातल्या चांगल्या विद्यार्थ्यांनी शिक्षकी पेशाकडे वळावं.

हे सांगतेय कारण टेबलापाशी तुम्ही "यांना येत नाही, यांना मदत करूया" या नजरेने गेलात तर ते पोरांना लगेच जाणवतं. कोर्स अवघड आहे, माणसं ठीक आहेत, ही नजर ठेवा.

आणि ती आठवड्याची मीटिंग कंटाळा म्हणून बसून काढू नका हो. टेबलांवर काय ऐकलं ते तिथे आणा. "तीन गटांनी वर्कशीटमधला दुसरा प्रश्न वेगळ्याच अर्थाने वाचला" हे एक वाक्य माझ्यासारखीला सोन्यासारखं असतं, मी पुढचं लेक्चर त्यावरून बदलते. कुणाचं नाव घ्यायची गरज नाही, काय विचार केला तेवढं सांगायचं. मार्क देणं, पेपर तपासणं यातलं काही तुमच्याकडे येत असेल तर मात्र आधी मॅडमशी बोला, कारण मार्क देणाऱ्या माणसासमोर कुणी आपला कच्चा विचार उघडा करत नाही.

निळीशाई:
बापरे, इतकं छान लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार. चेंडूचं उदाहरण वाचून मी स्वतः तिथे दोन मिनिटं थांबले. @जुनीवही मॅडम, मार्क आमच्याकडे नाहीयेत, हजेरी पण नाही, फक्त वर्कशीट.

गप्प गटाचं अजून कुणी सांगेल का? आणि ओळखीच्यांचं? एकीने आत्ताच मेसेज केलाय की आता तू आहेस तर असाइनमेंटचं टेन्शन नाही. ती चांगली आहे, दुखवायचं नाहीये.

रात्रपाळी:
मैत्रिणीला आजच लिही, सेमिस्टर सुरू झाल्यावर नको. असं काहीतरी: "असाइनमेंट मी बघू शकणार नाही कारण त्याला मार्क आहेत आणि बाकीच्यांवर ते अन्यायाचं होईल, पण कन्सेप्ट अडला तर सेशनमध्ये नक्की बोलू." आणि सोबतच्या दुसऱ्या असिस्टंटला सांगून ठेव की मैत्रिणीच्या टेबलाकडे माझ्याऐवजी तू जा. एवढं पुरतं. रात्री मेसेजवर शंका सोडवणं सुरू करू नकोस, कुणाचंच नाही, कारण एकाला उत्तर दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं आणि तुझा स्वतःचा अभ्यास बुडतो तो बुडतोच.

गप्प गटाबद्दल. गप्प असण्याची कारणं वेगवेगळी असतात, काही गट गप्प असतात कारण ते खरंच विचार करतायत, तिथे जाऊन "काय, जमतंय ना सगळं?" असं विचारणं म्हणजे त्यांची तंद्री मोडणं. आधी लांबून कागद बघ, काही लिहिलं जातंय का. आणि "काही शंका?" हा प्रश्न तर विचारूच नकोस, त्याचं उत्तर कायम नाहीच येतं. खुर्ची ओढ, त्यांच्या बरोबरीने बस, वर उभं राहून बोललं की इन्स्पेक्टर आल्यासारखं वाटतं, आणि म्हण "प्रत्येकाने बाकीच्यांना न दाखवता एक आकृती काढा, मग चौघांच्या शेजारी शेजारी ठेवू". बोलायला लाजणारा पण आकृती काढतो. चार आकृत्या वेगळ्या निघतात आणि बोलायला विषय मिळतो. हार्वर्डला एरिक माझूर यांनी १९९१ पासून फिजिक्सच्या वर्गात जे पीअर इन्स्ट्रक्शन वापरलं त्यातही क्रम हाच आहे, आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग परत उत्तर द्यायचं. आधी स्वतःचं मत ठरलं नसेल तर गटात जो जोरात बोलतो त्याचंच उत्तर सगळ्यांचं होतं.

हो, आणि तो जोरात बोलणारा पण सांभाळावा लागतो. त्याला गप्प करू नकोस. "तू सांगितलंस ते हिने तिच्या शब्दांत सांगावं, तुला पटतंय का बघ" असं म्हटलं की त्याला ऐकावं लागतं आणि तिला बोलावं लागतं.

ओलीमाती:
"चौघांच्या आकृत्या शेजारी" हे भारी आहे, आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर मी पहिल्या महिन्यातच बोलले असते.

तिसरा_बाक:
येत नसेल तर काय, हे राहिलं. "मला आत्ता सांगता येत नाहीये, आपण कुठे अडलोय ते आधी बघू" असं सरळ म्हणायचं आणि त्यांच्यासमोरच पुस्तक उघडायचं, मॅडमना बोलवायचं. अडलेला माणूस पुढे काय करतो हे पोरांना कधी बघायलाच मिळत नाही, त्यांना फक्त फळ्यावरचं सरळसोट उत्तर दिसतं. अंदाजाने काहीतरी ठोकून देणं मात्र कधीच नको, चुकीचं सांगितलेलं काढून टाकायला फार वेळ जातो.

तयारीसाठी, वर्कशीट आधी स्वतः सोडव आणि मग प्रत्येक प्रश्नाला चुकीचं पण पटण्यासारखं उत्तर कुठलं येऊ शकतं ते लिहून काढ आणि त्याच्या समोर तू विचारशील तो एक प्रश्न लिही. या तयारीला बरोबर उत्तराच्या तयारीपेक्षा जास्त वेळ दे.

जुनीवही:
एक गोष्ट राहिली होती. कधीतरी कुणीतरी टेबलापाशी फिजिक्स सोडून दुसरंच बोलेल, घरचं, तब्येतीचं, कॉलेज सोडायचं मनात आहे वगैरे, कारण तुम्ही त्यांच्याच वयाच्या आहात आणि जवळच्या वाटता. ऐकून घ्या, पण एकट्याने वाहू नका. कॉलेजचे समुपदेशक कोण, कुठे, कधी भेटतात हे पहिल्या आठवड्यातच माहिती करून ठेवा आणि त्या मुलाला विचारून सोबत तिथपर्यंत जा. जिवाला धोका वाटला तर विचारत बसू नका, लगेच मॅडमना सांगा, इथे गुपित राखायचं वचन द्यायचं नाही.

निळीशाई:
मैत्रिणीला मेसेज केला, ती म्हणाली ठीक आहे, थोडी हिरमुसली पण ठीक आहे. पहिलं वर्कशीट व्हेक्टरवर (लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींवर) आहे, चुकीच्या उत्तरांची यादी करायला बसलेय. दोन व्हेक्टरची बेरीज म्हणजे नुसती लांबीची बेरीज, हे पहिलं लिहिलंय. त्याला प्रश्न कुठला विचारावा?

रात्रपाळी:
३ मीटर पूर्वेला चाल, मग ४ मीटर उत्तरेला, आणि निघालेल्या जागेपासून सरळ दोरी ताणली तर किती लागेल ते विचार. काढायला लाव, तोंडी नको. ७ म्हणणारा आकृती काढून मोजायला लागला की ५ वर येऊन थांबतो. मग पुढचा प्रश्न, ७ कधी येईल आणि १ कधी येईल?