नाशिक: १८० आसनांच्या सभागृहात महिन्याला एक कार्यक्रम, नियोजन कुठून सुरू करायचं?

गोदाकाठ_१२

नमस्कार मंडळी. शहरातल्या एका सांस्कृतिक केंद्राचं १८० आसनांचं सभागृह दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळच्या सत्रात (५ ते १०) मिळतंय. वर्षाला बारा कार्यक्रम. सध्याचा बेत: ४ शास्त्रीय गायन-वादन, २ नृत्य, ३ नाटक किंवा अभिवाचन, १ लोककला, १ कीर्तन, १ मुलांसाठी. एका कार्यक्रमाला सगळं धरून २५ हजार. रंगमंच २४ फूट रुंद, १८ फूट खोल, खाली काँक्रीट आणि वर चिकटवलेला गालिचा. एसी आहे. साऊंड सभागृहाचा, बेतास बात.

कलाकार आधी ठरवायचे की विषय? तिकीट लावायचं का? (“नाशिककर तिकीट काढत नाही” हे आतापर्यंत दहा जणांनी ऐकवलंय.) आणि कागदपत्रं काय काय लागतात?

विंगेतला

कलाकार सगळ्यात शेवटी. आधी पंचांग, मग घड्याळ, मग रंगमंच, आणि या तिन्हींत बसेल तो कलाकार. नाव आधी ठरलं की बाकी सगळं त्या नावाच्या मागे फरपटतं.

पंचांग म्हणजे शहरात त्या दिवसांत आधीच काय चालू असतं ते. २७ फेब्रुवारी ही कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन. त्याच्या आगेमागे शहरात कवितावाचन आणि अभिवाचनाला तोटा नसतो, तेव्हा फेब्रुवारीत तुम्ही सतार किंवा बासरी ठेवा. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, रोज संध्याकाळी आणि फुकट. त्या महिन्यात मुलाखत किंवा व्याख्यान ठेवणं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना निमंत्रण. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या दिवसांत गावातल्या हौशी संस्था तालमीत अडकलेल्या असतात, त्यांचे प्रकाशयोजनाकारही तिकडेच. त्या वर्षीचं वेळापत्रक लागलं की नाटकाचा महिना त्यापासून लांब ढकला. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. त्या आठवड्यांत बाहेरगावचा कलाकार बोलावूच नका, हॉटेल आणि रस्ता दोन्ही हाताबाहेर असतील.

अभंगवाणी आषाढी एकादशीला सगळेच करतात. आपल्या जिल्ह्याची स्वतःची तिथी आहे: पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तुमचं कीर्तन त्याच्या आधी येणाऱ्या तुमच्या दुसऱ्या शनिवारी बसवा. विषय आपोआप मिळतो आणि स्पर्धा नसते. मात्र बुवा लवकर ठरवा, कारण यात्रेच्या आठवड्यात वारकरी कीर्तनकार आणि मृदंगमणी मिळणार नाहीत. नारदीय कीर्तनकार मिळू शकतात.

आता घड्याळ. पाच तासांतला सव्वा तास मंच आणि साऊंडला, पाऊण तास आवराआवरीला. ६:३० ला सुरू, ८:४५ ला संपवा. त्यानंतर सिडको, सातपूर, नाशिकरोडची माणसं बस आणि जेवणाच्या चिंतेत चुळबुळ करायला लागतात. हातात उरली सव्वादोन तासांची मैफल. त्यात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं मनोगत आणि आभार घातलेत की चाळीस मिनिटं गेली, आणि कलाकाराला “जरा आवरतं घ्या” ही चिठ्ठी जाते. निवेदन चार मिनिटं, सत्कार विंगेत, आभार छापील पत्रकावर. रुसणारे रुसतील.

शास्त्रीयला आणखी एक वेळ बघावी लागते. नाशिकला डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्यास्त, जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. साडेसहाची मैफल जूनमध्ये मारवा-पूरियासारख्या सूर्यास्ताच्या रागांना नेमकी सापडते, डिसेंबरात थेट यमनवर यावं लागतं. चारही मैफली संध्याकाळच्या केल्यात तर ललित, अहीर भैरव, तोडी हे सकाळचे राग तुमच्या श्रोत्यांच्या वाट्याला वर्षभर येणार नाहीत. वर्षातून एक सकाळचं सत्र मागून घ्या. सकाळी ६:३० ते ९, आणि शक्यतो ऑक्टोबर किंवा मार्चमध्ये. जानेवारीच्या पहाटे इथला पारा दहाच्या आसपास येतो, श्रोते पावणेआठला उगवतात आणि गवयाचा गळाही तेव्हाच उघडतो.

मुंबईचा कलाकार घेणार असाल तर पंचवटी एक्सप्रेसवर विसंबू नका. ती सकाळी इथून मुंबईला जाते आणि संध्याकाळी परत येते, म्हणजे त्यांच्यासाठी उलटी. मोटारीने येणार असतील तर कसारा घाट धरून चार वाजता हजर राहायला सांगा. नाशिकरोड स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटर आहे, तो अर्धा तासही धरा.

खर्ज_आणि_षड्ज

वरच्याशी सहमत. मी साऊंड आणि बैठकीपुरतं लिहितो, कारण पैसे वाया जातात ते इथे.

एका कार्यक्रमात दोन गायक ठेवायचे असतील तर पट्टी (पेटीवरचा आधारसूर) आधी विचारा. पुरुष गायक बहुधा काळी एक-दोन, गायिका काळी चार-पाच. पट्टी बदलली की तानपुऱ्यांची जोडी बदलते, तबलाही दुसरा लागतो (खालच्या सुराला रुंद तोंडाचा). आयोजकाने एकच जोडी आणलेली असते, मग मध्यंतरात तारा ताणणं सुरू होतं, एखादी तुटते आणि पंधरा मिनिटांचा मध्यंतर पस्तीस मिनिटांचा होतो. दोन जोड्या मागवा, दोन्ही आधीच जुळवून विंगेत उभ्या ठेवा.

एसी प्रेक्षक आल्यावर लावू नका. निदान दीड तास आधी लावा आणि वाद्यं त्याच हवेत ठेवा. मंचावर दिवे तापले की तारा सैलावतात, सूर उतरतो. पावसाळ्यात दमट हवेने तबल्याची पुडीही (वरचं कातडं) उतरते. एसीचा झोत थेट मंचावर येत असेल तर ती जाळी बंद करा, नाहीतर तबलजी रात्रभर हातोडीच चालवत बसतो.

खयाल गायनाला लागतात सहा माईक: गळा १, तबला २ (दायाँ आणि बायाँ म्हणजे डग्गा, वेगळे), पेटी १, तानपुरे २. गायकाचा माईक तोंडापासून वीतभर, थोडा खालून तिरका. पेटीचा माईक भात्याच्या बाजूला ठेवला की हवेची फसफस येते. तो वरून, सुरांच्या पट्ट्यांच्या मागे जाळीवर धरा. गळ्याच्या आणि पेटीच्या चॅनेलला शंभर हर्ट्झखालचं कापा, बायाँला मात्र कापू नका, नाहीतर घुमारा जातो आणि उरते नुसती टकटक. दोन मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर), मिक्सरच्या दोन वेगळ्या वाटांवर (ऑक्झिलरी): गायकाला तानपुरा आणि थोडी पेटी, तबलजीला गळा. दोघांना एकच मिक्स दिलं की एकमेकांच्या वर चढाओढ लागते आणि शेवटी स्पीकरमधून शिट्टी येते. शिट्टी आली की ऑपरेटर सगळंच खाली ओढतो. तसं न करता ती वारंवारता शोधून तेवढीच कापायची, बहुतेक वेळा ती दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये सापडते. हे काम प्रेक्षक यायच्या आधीचं. रीव्हर्ब ऑर्केस्ट्राच्या सवयीने ठेवलेला असतो, ताना त्यात विरघळतात. जवळजवळ शून्यावर आणा.

घुंss असा आवाज येत असेल तर दिव्यांचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि साऊंड विजेच्या एकाच फेजवर आहेत का ते पहिलं बघा. वेगळ्या फेजवर घ्या. त्यावरही राहिला तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. प्लगची अर्थिंग पिन काढून घुमघुम घालवणारे महाभाग भेटतात, त्यांना मिक्सरला हात लावू देऊ नका. गायकाच्या ओठांशी लोखंडी जाळीचा माईक असतो, हे लक्षात ठेवा.

बैठकीचा चौथरा १२ बाय ८ फूट, उंची फूटभर पुरे. गादी पातळ. स्पंजच्या जाड गादीत तबला रुततो, कोन बदलतो. पांढरी चादर खालून पिनांनी ताणून घ्या. प्रकाश पिवळसर, समोरून दोन बाजूंनी, आणि रंग बदलणारे दिवे पूर्ण बंद.

कथकला मात्र तुमचा गालिचा मारक आहे. पदन्यास ऐकू येणार नाही. त्यावर उपाय लागेल.

हिशोबनीस

कागदांचं घ्या.

नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र लागतं. संस्थेकडे आहे का ते बुकिंगआधी विचारा आणि प्रत स्वतःच्या फाइलला लावा. हौशी संस्था “आहे, आहे” म्हणतात आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी शोधाशोध होते.

लेखकाची परवानगी वेगळी. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे हक्क मिळाले असं होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार. देवल, किर्लोस्कर, गडकरी यांची नाटकं केव्हाच मुक्त झाली. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, पण तिकीट लावलं की ती गेली. चित्रपटगीतं प्रत्यक्ष गाणार असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना, ध्वनिमुद्रित वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचाही. नृत्याच्या कार्यक्रमांत रेकॉर्डेड ट्रॅक असतात, तिथे हे हमखास विसरतं.

जीएसटी: नाटक, संगीत, नृत्याचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर माफ. लोककला किंवा शास्त्रीय कलाकाराचं मानधन कार्यक्रमाला दीड लाखापर्यंत असेल तर त्यावरही नाही. मानधनातून कापायच्या कराची (टीडीएस) मर्यादा मात्र वर्षाच्या एकूण रकमेवर असते, म्हणून एकच कलाकार वर्षात दोनदा येणार असेल तर दोन्ही रकमा मिळवून बघा. पॅन आधी घ्या, कार्यक्रम झाल्यावर कोणी देत नाही.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम बंद सभागृहाच्या आतल्या वापराला लागू नाही. पण दारं उघडी ठेवून फोयरमध्ये स्पीकर लावलात तर ते बंद सभागृह राहत नाही.

तिकीट जरूर लावा. शंभर रुपये ठेवलेत आणि १२० जण आले तर बारा हजार, म्हणजे निम्मा खर्च निघाला.

विंगेतला

तिकिटाबद्दल थोडं वेगळं. सुट्या शंभर रुपयांपेक्षा वर्षाचा पास: बारा कार्यक्रम ८०० रुपये. ऐंशी पास गेले तर ६४ हजार वर्षाच्या सुरुवातीला हातात. फुकट प्रवेशिकेचा तोटा पैशापेक्षा वेगळाच असतो, किती येणार याचा अंदाजच लागत नाही. तीनशे वाटा, साठ येतील किंवा अडीचशे. आणि तिकीट न काढण्याचं खापर नाशिकवर फोडणाऱ्यांना सांगा, तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्यांत अग्रणी असलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपला रामनाम आधार आश्रम इथे पंचवटीतच काढला.

गोदाकाठ_१२

पासचं पटलं. लोककलेसाठी सुरगाणा-पेठकडचा मुखवट्यांचा बोहाडा आणि तारपा नाच एकाच संध्याकाळी, वीस-वीस मिनिटं, असं चालेल?

डोंगरदऱ्या

नाही चालणार. बोहाडा रात्रभराचा असतो, एकेक सोंग वाद्यांच्या ठेक्यावर येतं, नाचतं, जातं. वीस मिनिटांत तीन सोंगं कशीबशी होतात आणि लोकांना वाटतं फॅन्सी ड्रेस आहे. मुखवटा जड असतो, नाचणाऱ्याला डोळ्यांच्या भोकांतून समोरचंच थोडं दिसतं. तीन फूट उंच मंचाच्या कडेला तो धोका आहे. तारपा तर गोल फेराचा नाच, वाजवणारा मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती. मंचावर प्रेक्षकांकडे तोंड करून रांगेत उभं केलं की त्यातलं सगळं गेलं.

एकच निवडा. खुर्च्या न लावता केंद्राच्या अंगणात करा, लोक भोवती बसू देत. संबळाला माईक नको, तो बंद जागेत तसाही कान फोडतो. तारप्याला एक, वाजवणाऱ्याच्या मागे फिरवता येईल असा. अंगण उघडं म्हणून ध्वनिक्षेपक दहाच्या आत बंद. आणि मानधन माणशी ठरवा, पथकाच्या म्होरक्याच्या हातात एकरकमी नको. पंधरा-वीस माणसांचं येणं-जाणं, दोन वेळचं जेवण आणि मुक्काम हा खर्च मानधनापेक्षा मोठा होतो, तो २५ हजारांत बसतो का ते आधी मांडा. बसत नसेल तर पथक लहान करू नका, दुसऱ्या एखाद्या महिन्याचं बजेट इकडे वळवा.

गोदाकाठ_१२

बरं, अंगणातच. खर्ज_आणि_षड्ज, गालिच्याचं काय करू? उचकटायला केंद्र परवानगी देत नाही.

खर्ज_आणि_षड्ज

उचकटू नका. खाली काँक्रीट आहे, त्यावर थेट नाचणं गुडघ्यांना वाईट. गालिचा तेवढं गादीचं काम करेल. त्यावर १२ मिलिमीटर प्लायचे दोन थर. २० बाय १६ फुटांना ८ बाय ४ चे एका थराला दहा, म्हणजे वीस ताव. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका, अर्धा ताव सरकवून लावा. स्क्रूची डोकी लाकडाच्या आत बुडाली पाहिजेत, सांध्यांवर कापडी टेप. वर चटई-बिटई काही नाही. आवाजासाठी पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायचे दोन बाउंड्री माईक. कार्यक्रम झाल्यावर ताव आडवे रचून ठेवा. भिंतीला उभे टेकवलेत तर पुढच्या नृत्यापर्यंत वाकतील आणि पाय टाकला की खटखट वाजतील.