मदत हवी आहे : आपल्या भागातील चक्रव्यूहाच्या जुन्या आकृती

सप्रेम नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयासाठी मी चक्रव्यूहावर भित्तिपत्रक तयार करीत आहे. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरातील १२व्या शतकातील शिल्पात अभिमन्यू ज्या व्यूहात शिरतो, त्याचे क्रीट बेटावरील क्नॉसॉसच्या प्राचीन नाण्यांवरील भूलभुलैयाशी विलक्षण साम्य आहे, दोन्हींत वाट एकच असते, तिला फाटे नसतात, त्यामुळे वर्तमानपत्रांतील ‘सशाला गाजरापर्यंत पोहोचवा’ या कोड्याप्रमाणे तेथे चुकण्यास वावच नाही (अभिमन्यूला अडविले ते वाटेने नव्हे, महारथींनी!). बेळगाव, निपाणी परिसरातील मंदिरांच्या फरशीवर, वीरगळावर किंवा रांगोळीत अशी आकृती कोणी पाहिली असल्यास गावाचे नाव व छायाचित्र कृपया पाठवावे. सुलभ प्रसूतीसाठी चक्रव्यूह काढण्याची प्रथा घरातील आजींना आठवत असेल, तर ती माहिती मला विशेष हवी आहे.