एअर फ्रायरमध्ये बटर पेपर: घालावा की नाही?

विश्रामबागकर, सांगली: उकडलेल्या अळूवड्या मी एअर फ्रायरमध्ये बटर पेपरवर लावते. सासूबाईंचं म्हणणं, "कागद आणि आग एकत्र कशाला?" माझं मत, घालावा. बेसन-गूळ जाळीत बसला की घासून घासून नॉनस्टिकचा थर जातो. तुम्ही काय करता?

मिरजकर: सासूबाई बरोबर आहेत! पंखा गरम हवा जाळीच्या भोकांतून फिरवतो, म्हणून तर वडी कुरकुरीत होते. बूडच झाकलं की वरून खरपूस, खालून लिबलिबीत. त्यापेक्षा तवा काय वाईट?

विश्रामबागकर: भोकं पाडते हो. कागदाची चौघडी करून कात्रीने टोकं उडवायची. कडेने बोटभर जागाही सोडते.

कराडची माहेरवाशीण: बटर पेपर नावाखाली दुकानदार काय देतो ते आधी बघा. सिलिकॉनचा थर असलेला बेकिंगचा कागद साधारण २१५ ते २३० अंशांपर्यंत चालतो, आपली मशीन बहुतेक २०० पर्यंतच जातात. मेणकागद मात्र अजिबात नको, मेण वितळतं आणि धूर होतो. नखाने ओरखडा काढा, मेण असेल तर नखात येतं. पाकिटावर तापमान छापलेलंच नसेल तर मी घेत नाही.

आणि प्रीहीट करताना रिकामा कागद कधीच ठेवू नका. मी ठेवला होता. उडून वरच्या कॉइलला चिकटला, करपला, घरभर वास. तेव्हापासून आधी मशीन तापवते, मग कागद आणि वड्या एकदमच आत. कागद दाबून धरायला वजन हवंच. दोन पापडांसाठी तो घालणं म्हणजे पतंग उडवणं.

पेठेतला सातारकर: सांगलीत राहून कागद विकत? हळदीचं पान घाला की!

कराडची माहेरवाशीण: वाळलं की तेही उडणार, दादा. शिवाय अळूवडीला हळदीच्या पानाचा वास? नको.

मिरजकर: बरं, पनीर टिक्का, गुळाचं काही, एवढ्यापुरता कागद मान्य. बटाट्याच्या फोडींना, शेंगदाण्यांना कशाला? बास्केट गार झाल्यावर कोमट पाणी आणि साबण घालून १५ मिनिटं ठेवा, चिकटा आपोआप सुटतो. तेवढा धीर कुणाला नाही, हे खरं दुखणं.

विश्रामबागकर: धीर आहे हो. पण भिजत ठेवलेली बास्केट रात्रभर सिंकमध्ये राहते आणि सकाळी डब्याच्या घाईत ती मलाच घासावी लागते. तुमच्या घरी कोण घासतं?