थाई शिकताना सुरांवर गाडी अडलीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आठ महिन्यांपासून बँकॉकमध्ये आहे. थाई शिकतेय, पण त्या पाच सुरांनी पार जेरीस आणलंय. 'मा' सपाट म्हटलं तर 'येणे', उंच सुरात घोडा, आणि खालून वर चढवलं की कुत्रा! 'क्लाय'चं तर विचारूच नका. सपाट असेल तर लांब, वरून खाली घसरला तर जवळ. परवा टॅक्सीवाल्याला 'जवळच जायचंय' सांगायला गेले, तो 'लांब' समजून मान हलवून निघून गेला.

शब्द मात्र ओळखीचे भेटतात. भाषा म्हणजे 'फासा', आहार म्हणजे 'आहान', गुरू म्हणजे 'ख्रू' (आपल्या 'ग'चा तिकडे 'ख' होतो, मजा वाटते).

आतापर्यंत रोमन लिपीतून शिकले, त्यात 'प' आणि 'फ'चा नुसता घोळ. देवनागरीत लिहून घेतलं की उच्चार बरा येतो, पण सूर कसा लिहायचा? थाई लिपीत 44 व्यंजनं, त्यांचे तीन वर्ग, वर्गावरून सूर ठरणार, वर दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत.

नोकरी सांभाळून आधी लिपीच घोटावी, की कानाला सूर कळेपर्यंत थांबावं? इथे राहिलेल्यांनी काय केलं? आणि शिकवणी एकटीने लावावी की वर्गात जावं?