मदत हवी आहे: नळाचं, बोरचं की जारचं, लेकराला नेमकं कोणतं पाणी द्यावं?

नमस्कार मंडळी, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून लिहायलेय. घरात चार महिन्यांचं लेकरू आहे, मला दूध पुरंना म्हणून डॉक्टरांनी डब्याचं दूध सुरू करायला सांगितलंय, आणि ते कालवायला पाणी कुठलं घ्यावं यावरच गाडी अडलीय.

आमच्याकडं पाणी तीन प्रकारचं. नळाला आठ-दहा दिवसांनी येतं, ते अंगणातल्या निळ्या टिपाडात साठवतो. टिपाड भंगारवाल्याकडचं, त्यात आधी काय होतं कुणालाच सांगता येईना, उन्हानं रंग उडालाय आणि आतून हात फिरवला की पांढरी भुकटी बोटाला लागते. दुसरं बोरचं, इतकं जड की डाळ शिजत नाही, पातेल्याला पांढरा थर धरतो, शिवाय बोरच्या जवळच शोषखड्डा आणि गोठा. तिसरं थंडगार जार, घरपोच येतो, पण तो जार किती वेळा उन्हात पडून राहिला अन् कसा धुतला ते देवच जाणे.

त्यात मोबाईलवर वाचलं की 2024 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या संशोधकांना बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी 2 लाख 40 हजार प्लास्टिकचे कण सापडले, बहुतेक नॅनो आकाराचे, म्हणजे अगदी अतिसूक्ष्म. मग इटलीचा अभ्यास वाचला, मानेतल्या रक्तवाहिनीच्या चरबीच्या थरात ज्यांना प्लास्टिक सापडलं त्यांना हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यूचा धोका साधारण साडेचार पट दिसला. एवढ्याशा जिवाच्या पोटात काय जायलंय या विचारानं झोप लागत नाही हो.

परवा एक फिल्टरवाले दादा आले, दोन ग्लासांत सळया घालून करंट दिला तर आमच्या बोरचं पाणी काळं-पिवळं झालं आणि त्यांचं स्वच्छच राहिलं. सासूबाई म्हणतात लगेच घेऊन टाक, पण मला आधी समजून घ्यायचंय. पाणी कुठं तपासतात? उकळलं की प्लास्टिक जातं का? टिपाड धुऊन चालेल का?

प्रतिसाद
ताई, त्या सळयांच्या प्रयोगावर पैसे देऊ नका. तो रंग लोखंडी सळईच विरघळून येतो. क्षाराच्या पाण्यातून करंट जातो म्हणून ते रंगतं, त्यांच्या आरओ फिल्टरच्या पाण्यात क्षारच कमी म्हणून तसंच राहतं. त्यात घाण किती ते काहीच कळत नाही. टीडीएसचं पेनसुद्धा फक्त एकूण क्षार दाखवतं, नायट्रेट वेगळं दाखवत नाही.

आणि तुमच्या घरी प्लास्टिकच्या आधी नायट्रेट बघायला पाहिजे. शोषखड्डा, गोठा, युरिया यातून ते जमिनीत उतरतं. भारतीय मानकात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. त्याच्या वर गेलं तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घटू शकते, ओठ-नखं निळसर पडतात. तसं दिसलं तर थेट दवाखाना गाठायचा. दुसरं फ्लोराइड, लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर नको, नांदेडमधल्या किनवटकडं लोकांचे दात-हाडं त्यानंच गेलेत. दोन्हीला ना रंग ना वास. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलंय की मायक्रोप्लास्टिकच्या (प्लास्टिकच्या बारीक कणांच्या) आधी जंतू आणि माहीत असलेली रसायनं सांभाळा. इटलीच्या अभ्यासात नुसता संबंध दिसलाय, प्लास्टिकनंच झालं हे त्यातून सिद्ध होत नाही.

उकळण्याबद्दल: जड पाण्यात फायदा होतो. चीनमधल्या संशोधकांनी 2024 मध्ये दाखवलं की जड पाणी पाच मिनिटं उकळलं की चुनखडीच्या थरात प्लास्टिकचे कण अडकतात, जास्तीत जास्त 90 टक्क्यांपर्यंत. मग निवू द्यायचं आणि गाळून घ्यायचं. पण नायट्रेट, फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. म्हणून तपासणीआधी बोरचं पाणी उकळूनसुद्धा बाळाला नको. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची जिल्ह्याला प्रयोगशाळा असते, तिथं जा. रसायनांसाठी लिटरभर पाणी, बाटली त्याच पाण्यानं खळखळून. जंतूंसाठी मात्र निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या. नायट्रेट जास्त निघालं तर नुसता जंतू मारणारा यूव्ही फिल्टर कामाचा नाही, आरओसारखा नायट्रेट काढणारा लागतो.

प्रतिसाद
टिपाडाचं मी सांगते, अजिबात पिऊ नका गं त्यातलं. आमच्या एमआयडीसीकडं अशी टिपाडं ढिगानं विकतात, कशात ॲसिड असतं कशात औषधं, प्लास्टिक ते शोषून घेतं आणि हळूहळू पाण्यात सोडतं, कितीही घासलं तरी पूर्ण जात नाही. भुकटी निघायली म्हणजे ऊन लागून प्लास्टिक कुजलंय. ते झाडाबिडाला नको, सडा-फरशीलाच ठेव. पिण्याचं स्टीलच्या टाकीत नाहीतर माठात.

मूळ लेखिका
दोघांचेही खूप आभार. बोरचं आणि नळाचं, दोन्ही नमुने प्रयोगशाळेत द्यायला ह्यांना पाठवतेय. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत लेकरापुरतं आयएसआय मार्काचं सीलबंद पाणी घ्या आणि जंतूंसाठी तेही उकळून. प्लास्टिक असेल त्यात, पण नायट्रेटची भीती तरी नको. रिपोर्ट आला की इथंच आकडे टाकते, कुणीतरी वाचून सांगा. आणि तोटीची स्टीलची टाकी, शंभरेक लिटरची, अंबाजोगाई किंवा लातूरला कुणी घेतलीय का, साधारण किती पडते?